पाणी धुऱ्यातून गेलं

कुणी ‘कॉलनीची पोरगी’ म्हटलं की माझं डोकं फिरायचं. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी वैनगंगेकाठच्या या गावात आले, आणि पहिली दोन-तीन वर्षं मला दुसरं नावच नव्हतं. चूल पेटली नाही तरी कॉलनीची पोरगी, भात करपला तरी कॉलनीची पोरगी. माझे वडील भद्रावतीच्या फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, घरात नळ होता, एवढाच काय तो माझा गुन्हा. त्यासाठी या गावानं मला जितकं पिडलं तितकं सासूनंही पिडलं नाही, आणि सासू काही कमी नव्हती.

कॉलनीत कुंपण म्हणजे मेंदी. माळी यायचा, मोठ्या कात्रीनं कचाकच कापायचा, आणि मेंदी सांगितल्या उंचीवर गप उभी राहायची. कुंपणाला स्वतःची काही इच्छा असते हे मला माहीतच नव्हतं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा शेत पाहायला गेले आणि आमच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, कडेला माणसाच्या डोक्यावर गेलेली ती हिरवी दाटी पाहिली, तिच्यावरची फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं पाहिली, तेव्हा मी हरखूनच गेले. दोन लांब दांड्या फुलांसकट तोडल्या आणि घरी आणून लोट्यात खोचल्या.

“हे कोनं आनली घरात?” सासू ओरडली. “बेशरम आहे ते! बकरी खात नाई, गाय खात नाई, आन् आमची सून घरात आनते!”

तिनं लोट्यातल्या दांड्या उचलून अंगणापलीकडे, न्हाणीचं पाणी जातं तिथे भिरकावल्या. महिन्याभरात त्या तिथे रुजल्या. सासूनं त्याचाही दोष मलाच दिला.

आता या बेशरमीची हकीगत सांगायला हवी, कारण ती कुणी रानातून आणलेली नव्हती, आपोआप आलेली नव्हती. ती माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं स्वतःच्या हातांनी लावली होती. दोघांचे हिस्से झाले तेव्हा तलावाखालच्या धानाच्या बांध्या वाटल्या गेल्या आणि दोघांच्या मध्ये एक धुरा आला, म्हणजे सामाईक हद्दीचा मातीचा बांध. मग आमच्याकडे जे घरोघरी होतं तेच इथेही झालं. दरवर्षी नांगरणीला एकानं म्हणायचं, तू माझा धुरा कोरला. दुसऱ्यानं म्हणायचं, कोरला तू, आणि ओरडतोस वर. दोघांचंही खरं असावं. नांगराची एक रेघ इकडून, एक रेघ तिकडून, धुरा बिचारा साबणाच्या वडीसारखा झिजत होता. शेवटी गावातल्या चार शहाण्यांनी तोड काढली: धुऱ्यावर बेशरम लावा. जनावरं खात नाहीत, पाणी घालावं लागत नाही, नुसती दांडी चिखलात खोचली की झालं. एकदा वाढली की कुणाचा नांगर आत शिरणार नाही. दोघा भावांनी एकाच दिवशी, आपापल्या बाजूनं, दांड्या खोचल्या. त्या दिवशी दोघंही फार खूश होते म्हणे.

मी आले तोवर तो धुरा राहिला नव्हता, तो एक पट्टा झाला होता. आडवी बैलबंडी उभी करावी एवढा रुंद, आणि दरवर्षी दोन्हीकडे आणखी सरकणारा. दोघा भावांनी जन्मभर नांगर चालवून एकमेकांची जेवढी जमीन कोरली नसती, तेवढी या झाडानं दोघांचीही गिळली होती. रानडुकरं दिवसा त्यातच पडून असायची आणि अंधार पडला की दोन्ही घरांचं धान सारख्याच आवडीनं खायची. आणि त्याच पट्ट्याच्या पोटात, बाहेरून दिसतही नाही असा, तलावातून आमच्या खालच्या बांध्यांकडे येणारा पाट होता. दोन्ही घरांना तोच एक.

मग काढत का नव्हतं कुणी? मी हे विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी सासऱ्यांचा फेटा मागितला. धुऱ्यावरच्या मुळाला जो हात लावील तो धुरा सरकवतोय, असा अलिखित कायदा होता. एकानं सब्बल, म्हणजे पहार, उचलली की दुसरा पंचांना बोलावणार. शेंडे मात्र कापता येत. म्हणून दरवर्षी चैत्रात दोन्ही घरं आपापल्या बाजूचे शेंडे कापायची, आणि कापलेल्या दांड्या रागानं पलीकडे, दुसऱ्याच्या हद्दीत फेकायची. आमचे हे एरवी शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांच्याही अंगात यायचं. सासरे मागे उभे राहून सांगायचे, “टाक, तिकडं टाक, दूर टाक!” आणि तिकडूनही भारे यायचे, दण्णदिशी आमच्या बांधीत. पाऊस पडला की फेकलेली एकेक दांडी रुजायची. इतकी वर्षं ही दोन शहाणी घरं एकमेकांच्या जमिनीत मन लावून बेशरम लावत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण ती काढतोय.

मी हे एकदा जेवताना बोलून दाखवलं. सासऱ्यांनी घास थांबवून विचारलं, “तुमच्या कॉलनीत धुरे रायतेत का?”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग?” म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले.

त्या दोन घरांची बोलचाल बंद होती हे वेगळं सांगायला नको. मार्कंड्याच्या जत्रेला दोन्ही घरांच्या बंड्या एकामागोमाग निघायच्या, एकाच रस्त्यानं, एकाच नदीकाठी थांबायच्या, आणि कुणी कुणाला पाहिलंच नाही असं करून परत यायच्या. पण अबोला असला तरी बोलण्यावाचून कुणाचं चालतं? त्यावर गावात एक सोय होती. अबोल्यातल्या बायका जनावरांशी बोलायच्या. पलीकडच्या घरची सून, म्हणजे माझी चुलत जाऊ, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं दणकट, जिभेची त्याहून दणकट. तिच्याजवळ एक काळी बकरी होती. मी हापशीवर गेले आणि ती तिथे असली, की ती बकरीला म्हणायची, “पाय माय, आजकाल लोकं गुंडही वाकडा धरतेत.” ‘पाय’ म्हणजे पाहा, आणि पाण्याचा गुंड माझ्याच डोक्यावर असायचा. पहिलं वर्ष मी रडले. दुसऱ्या वर्षी मीही बकरीलाच उत्तर द्यायला लागले. त्या जनावरानं दोन्ही घरांची जेवढी भांडणं ऐकली तेवढी तालुक्याच्या कोर्टानंही ऐकली नसतील.

मग ते वर्ष आलं. पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. तलाव निम्मा भरला होता, तेवढ्या पाण्याच्या पाळ्या लागल्या: आज या पाटाला, मग त्या पाटाला. वरच्या बांधीतलं हलकं धान कसंबसं तगलं. खालच्या बांधीत भारी धान होतं. ते उशिरा निसवतं, त्याला शेवटपर्यंत पायाशी पाणी लागतं. आणि आमचं वर्षाचं खाणं त्या खालच्या बांधीतच होतं. आमची पाळी आली, तलावाचं दार उघडलं, पाणी पाटानं आलं, बेशरमीच्या दाटीत शिरलं आणि तिथेच मुरलं. मुळांनी पाट असा काही आवळून टाकला होता की खाली ओलही पोचली नाही. त्याच्या आदल्या वर्षीही खालची बांधी अशीच अर्धी गेली होती.

त्या संध्याकाळी हे ओसरीवर बसून म्हणाले, “आता बस झालं. गडचांदूरले माझा दोस्त आहे सिमेंटच्या कारखान्यात. तो बोलावून राह्यला. बांध्या ठेक्यानं देऊ आन् दिवाळी झाली का निघू. तुलेही बरं, नळाचं पानी भेटन.”

घरात सगळ्यांना वाटलं, मी उड्या मारीन. मला मात्र तो नळ नको होता. मी क्वार्टरमध्ये वाढलेली होते, म्हणूनच नको होता. वडील निवृत्त झाले तेव्हा ते घर आम्हाला रिकामं करून द्यावं लागलं होतं. आईनं परसात लावलेलं लिंबू ऐन बहरात होतं, ते तिथेच राहिलं. लहानपणापासून ज्या भिंतींना मी आमच्या भिंती म्हणत होते त्या कधीच आमच्या नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आता कुठे, चिखलात पाय फाटेपर्यंत रोवणा शिकून, माझ्या हातानं रोवलेल्या धानाला मी माझं म्हणायला लागले होते, तर पुन्हा कुणाच्या तरी खोलीत, सिमेंटच्या धुळीत? मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

मी म्हटलं, “आणि खालच्या बांधीत पाणी आलं तर?”

“कोन आननार? तू?”

“मी आनतो,” मी म्हटलं. रागाच्या भरात माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली; इथे बायकाही ‘आनतो’च म्हणतात. सासू आतून हसली.

हे म्हणाले, “आन. आलं तं नाई जात.” पोराची समजूत काढावी तसं म्हणाले. आणि दोन-चार दिवसांनी खोली बघायला, दोस्ताच्या साहेबाला भेटायला, चंद्रपूरच्या गाडीत बसून निघून गेले. पाण्याची पुढची पाळी ते परत येण्याच्या सुमारासच होती.

ते गेल्यावर मी सब्बल आणि कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर गेले. सासऱ्यांना म्हटलं, जळण आणायला जाते. बेशरमीशी ज्यांची गाठ पडली नाही त्यांना सांगते, वरून ती पोकळ, मऊ, एका घावात तुटते. तोडणाऱ्याला वाटतं, झालं काम. खरं काम जमिनीत असतं. खाली तिचा गड्डा मनगटाहून जाड, मुळं चिखलात अशी गुंतलेली की एक उपटावं तर शेजारची चार हलतात. चीक हाताला लागला की आग होते, मग कातडी सोलते. पहिल्या दिवशी मी जेवढं उकरलं ते पाहून मला स्वतःचंच हसू आलं. पण मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. कापलेली एकही दांडी ओल्या जागेत पडू द्यायची नाही, ना माझ्या बाजूला, ना पलीकडे. भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि वर मुरमाडीवर, जिथे कुसळही नीट उगवत नाही तिथे, उन्हात पसरून यायचा. गड्डेसुद्धा. निम्मा वेळ त्यातच जायचा.

दुसऱ्या दिवशी दाटीच्या पलीकडून आवाज आला.

“पाय गं बकरे! कॉलनीची पोरगी धुरा कोरून राह्यली. सांगू का घरी?”

माझ्या हातात सब्बल होती, डोळ्यांत घाम होता आणि डोकं तर आधीच तापलेलं. मीही दाटीकडे तोंड करून ओरडले, “बकरे, सांग तुह्या मालकिनीले! मी माह्या बाजूनं खोदून राह्यलो, पाटापर्यंत. त्याच्या पुढं एक बोट नाई. तिच्या खालच्या बांधीत तरी पानी कुठी आहे? तिचं भारी धान का हवा पिऊन निसवन?”

मग पलीकडून, जरा हळू, “बकरे, हे कापलेलं कुठी टाकते ते पाय. आपल्याकडं टाकलं तं मी हिच्या डोक्यावर नेऊन टाकतो.”

मी भारा उचलला आणि मुरमाडीची वाट धरली. ती दाटीच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती, मला जाताना बघत होती, येताना बघत होती, पुन्हा जाताना बघत होती. घरी तिनं काही सांगितलं नसावं, कारण संध्याकाळी कुणी भांडायला आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा पलीकडून धप्प, धप्प असा आवाज येत होता. तिची सब्बल माझ्यापेक्षा जड होती, आणि तिचा घावही.

मग आम्ही दोघी खणत राहिलो. मधे अजून एवढी दाटी होती की एकमेकींना दिसत नव्हतो, नुसता आवाज ऐकू यायचा. तिचा थांबला की मीही पाणी प्यायला थांबायचे. मी लवकर थांबले की ती बकरीला विचारायची, “झोपली का माय?” की मी चरफडत उठायचे. तिचे भारेही मुरमाडीवरच येऊन पडत होते, माझ्या भाऱ्यांना लागून. एकदा कापताना साप निघाला, चांगला हातभर लांब. माझ्या बाजूनं तिच्या बाजूला गेला, आणि ती ओरडली, “बकरे, तिचे पाव्हने आपल्याकडं काऊन पाठवून राह्यली?” मला इतकं हसू फुटलं की मी सब्बल टाकून खाली बसले. पलीकडूनही हसण्याचा आवाज आला. तो बकरीचा नव्हता.

दाटी पातळ होत गेली. आधी तिच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसायला लागला, मग कोपर, आणि एका दुपारी मधला शेवटचा गड्डा दोघींच्या सब्बलींमध्ये सापडला. एका बाजूनं तिनं रेटा दिला, दुसऱ्या बाजूनं मी, आणि तो चिखलासकट वर आला. समोर ती उभी होती. इतक्या वर्षांत मी तिला एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं, हात माझ्यासारखेच सोललेले. आम्ही दोघींनी सवयीनं बकरीकडे पाहिलं. बकरी केव्हाच निघून गेली होती. आता कुणाशी बोलायचं हे दोघींनाही कळेना. मग तिनं सब्बलीच्या टोकानं खाली दाखवलं. आमच्या पायांमध्ये पाट होता, मुळांच्या जाळ्यातून मोकळा झालेला, वरपासून खालपर्यंत सरळ.

ही बातमी काही लपणारी नव्हती. पाळीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पाटातली उरलेली माती उपसत होतो, तर इकडून माझे सासरे आले आणि तिकडून चुलत सासरे. दोघांच्याही हातात काठ्या. इतक्या वर्षांनी त्या जागी आभाळ दिसत होतं, एका टोकाहून दुसरं टोक दिसत होतं. दोघंही क्षणभर थबकले. मग सुरू झाले.

“धुरा इथी होता!” सासऱ्यांनी काठी रोवली. अर्थातच पलीकडे.

“इथी? डोळे गेले का तुहे? इथी होता!” चुलत सासऱ्यांनी काठी रोवली, आमच्याकडे.

“आबानं दगड ठेवला होता.” आबा म्हणजे दोघांचे वडील.

“दगड तूच उचलला!”

एकेक पाऊल करत दोघं पुढे सरकत होते. आम्ही उकरलेल्या जमिनीत सगळीकडे खड्डे नि ढेकळं, पाय ठेवायला सपाट जागा एकच, कोरडा पाट. होता होता दोघे म्हातारे पाटात समोरासमोर उभे राहिले, नाकाला नाक लागायचं तेवढं बाकी. वरच्या अंगाला तलावाचं दार उघडलं होतं. पाणी आमच्या पाटाच्या तोंडापर्यंत येऊन, आम्ही घातलेल्या मातीच्या आडव्या बांधाशी तुंबून उभं होतं. मी तिथेच, हातात पावडं घेऊन. पाळीची वेळ वाया चालली होती. मला कळेना काय करावं. सासरे पाटात उभे, त्यांच्या पायावर पाणी कसं सोडू?

तेव्हा जावेनं माझ्याकडे पाहिलं. बकरीकडे नाही, आभाळाकडे नाही, सरळ माझ्याकडे.

“पाहून काय राह्यली, बाई? सोड पानी!”

मी पावडं हाणलं. एका घावात बांध फुटला आणि पाणी सुटलं. वाळका पाला, फेस, मुळांचे तुकडे, सगळं घेऊन दणक्यानं आलं, आणि दोघा म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर आदळलं. दोघांनीही उड्या मारल्या. माझे सासरे इकडे, चुलत सासरे तिकडे. मधून पाणी.

जाऊ म्हणाली, “झाला धुरा. आता कोनाले कोरायचा असन तं पानी कोरा.”

पाणी खाली जात राहिलं. चुलत सासरे ढेकळावर बसले, धोतर पिळलं, विडी काढली. ती ओली झाली होती. ते सासऱ्यांकडे न बघता म्हणाले, “पानी तुह्या बाजूनं जास्त वाहून राह्यलं.”

सासरे म्हणाले, “उतार तिकडंच आहे. आबाच्या वेळेपासून आहे.”

“कायचा आबाच्या वेळेपासून!”

आणि दोघं उतारावरून भांडायला लागले. दिवस कलेपर्यंत भांडले. कितीतरी वर्षांनी दोघा भावांनी एकमेकांशी काढलेले शब्द ते हेच. मधे केव्हातरी माझ्या सासऱ्यांनी आपली कोरडी विडी पाण्यावरून पलीकडे दिली, आणि ती घेतलीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या बांधीत गेले. अगदी शेवटचा एक कोपरा करपलेलाच राहिला, तो काही वाचला नाही. पण बाकी सगळ्या बांधीत धानाच्या पायाशी पाणी उभं होतं. मी बांधावर बसले आणि नुसती बघत राहिले. मला अभिमान वाटला. लाजत-बिजत नाही, चांगला छाती भरून वाटला. माझ्या हातांचा, माझ्या सब्बलीचा, त्या दणकट जावेचा. कॉलनीत मी दहावीला पहिली आले होते, तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

हे त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत आले. कुणाकडून काय ऐकलं कोण जाणे, पिशवी घेऊनच सरळ शेतावर आले. धुऱ्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, पाटात पाय धुतले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “भूक लागली.” मी इतकी चिडले की भाकर वाढून तशीच उठून गेले.

कुणाला वाटेल, बेशरम एकदा काढली की संपली. ती संपत नसते. त्या वर्षी कार्तिक लागायच्या आत मातीतल्या तुकड्यांमधून पुन्हा कोंब आले, पुढच्या वर्षी आले, त्याच्या पुढच्या वर्षीही आले. फक्त दरवर्षी कमी. मी आणि माझी जाऊ दरसाल दोनदा, रोवणा झाल्यावर आणि चैत्रात, धुऱ्याच्या दोन्ही अंगांनी सोबत चालायचो आणि कोंब दिसला की मुळासकट काढायचो. भारे मुरमाडीवरच. डुकरांना लपायला जागा राहिली नाही, ती दुसऱ्या कुणाकडे गेली. गावात आणखी कितीतरी धुऱ्यांवर बेशरम होती, काहींवर अजून आहे. पण नंतरच्या वर्षांत गावातल्या बायका मला विचारायला येऊ लागल्या, गड्डा किती खोल खणायचा, वाळवायला कुठे टाकायचं. मी सगळं सांगायचे, जरा जास्तच सांगायचे. मला त्या धुऱ्याचा माज आहे, आणि तो असू द्यावा असं माझं मत आहे. मला आता तिथे कुणी कॉलनीची पोरगी म्हणत नाही. जाऊ म्हणते अधूनमधून, पण तिला मी म्हणू देते.

गडचांदूरचं काय झालं ते सांगायचं राहिलं. भाकर खाल्ली तरी यांनी होय किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं. ‘पाणी आलं तर नाही जात’ हे शब्द त्यांना आठवत होते की नव्हते, ते मी विचारणार नव्हते. मी आणलं होतं पाणी. आता मी मागायला जाणार नव्हते. आतून मात्र माझी झोप उडाली होती. खोली ठरली असेल का? साहेबाला शब्द दिला असेल का? भारी धान निसवलं, दाणा भरला, पिवळं व्हायला लागलं, आणि मी रोज मनात म्हणत होते, हे कापायला तरी मी इथे असेन का.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तो दोस्त आला, नवा सदरा घालून, यांना सोबत घेऊन जायच्या तयारीनं. मी धुऱ्यावर होते, वाकून कोंब काढत. धान कमरेपर्यंत उभं, त्यामुळे मी त्यांना दिसत नव्हते. हे त्याला शेत दाखवायला घेऊन आले.

“पाय,” हे म्हणाले, “आधी इथी हत्ती उभा राह्यला तरी दिसत नव्हता. आता त्या टोकावरचा बगळा दिसते.”

“कोनं काढलं एवढं?”

“आमच्या घरचीनं. आन् पलीकडच्या वहिनीनं. माणसाची जात हात लावाले भेत होती.” त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. आपल्या बैलाचं कौतुक सांगतानाही ते एवढे फुगत नसत.

“बरं आहे,” दोस्त म्हणाला. “मंग येतं का नाई? साहेब जागा ठेवून राह्यला तुह्यासाठी.”

“मी आलो तं हे कोन पायल?”

“बायको पायल ना. तिनंच काढलं म्हणतं.”

“म्हूनच तं नाई येत,” हे म्हणाले. “काढलं तिनं. आता राखाचं काम तिनं मले सांगितलं आहे.”

मी त्यांना असं काहीही सांगितलं नव्हतं.